गुणतक्ता आणि पत्त्यांचा डाव: संगणक सुरक्षेतील दोन निराळे प्रकार

संगणक सुरक्षेची रटाळ कामे रंजक करायची म्हटले की गेमिफिकेशन आणि सिरीयस गेम ही दोन्ही नावे एकाच अर्थाने घेतली जातात. गुण आणि चुरस दोन्हींकडे असल्याने ही गल्लत स्वाभाविक आहे. मात्र गेमिफिकेशनमध्ये मूळ काम जसेच्या तसे राहून त्याला बक्षीस जोडले जाते, तर सिरीयस गेममध्ये खेळणे हेच काम असते.

संशयास्पद ई-मेल कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला गुण देऊन विभागवार क्रमवारी लावणे, हा पहिला प्रकार. काम छोटे आणि ठरीव असेल तर तो चालतो. पण निव्वळ संख्येला गुण दिले की दिसेल ती जाहिरातही कळवणारा पहिला येतो आणि खरी तक्रार त्या ढिगाऱ्यात हरवते. त्याहून वाईट म्हणजे, फसव्या दुव्यावर चुकून क्लिक केलेला माणूस क्रमवारीत घसरण्याच्या धास्तीने ती चूक दडवू लागतो.

दुसऱ्या प्रकाराचा उत्तम नमुना म्हणजे सुरक्षातज्ज्ञ ॲडम शोस्टॅक यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये असताना तयार केलेला, 2010 साली प्रसिद्ध झालेला ‘एलिव्हेशन ऑफ प्रिव्हिलेज’ (म्हणजे आपल्याला नसलेले अधिकार प्रणालीत मिळवणे) हा पत्त्यांचा खेळ. यात संघ आपल्याच प्रणालीची आकृती टेबलावर मांडतो आणि पत्ते वाटतो. बदाम-इस्पिकांऐवजी येथे धोक्यांचे सहा प्रकार असतात आणि ज्या प्रकाराचे नाव खेळाला मिळाले आहे, तोच हुकूम. पान टाकणाऱ्याने त्यावरचा धोका वाचून तो आकृतीत नेमका कुठे लागू पडतो हे सांगायचे; ते इतरांना पटले तर एक गुण, हात जिंकला तर आणखी एक. एक्का मात्र महागात पडतो, कारण तो टाकणाऱ्याला इतर पत्त्यांवर नसलेला नवा धोका स्वतः सुचवावा लागतो. एरवी बैठकीत गप्प बसणाऱ्या नवख्या प्रोग्रामरलाही पाळी आली की बोलावेच लागते, हे मला या रचनेचे खरे बळ वाटते. डाव संपतो तेव्हा हाती आलेली धोक्यांची यादी थेट दुरुस्तीच्या कामाला लागते.

अर्थात, हा डाव लेखा विभागापुढे मांडण्यात अर्थ नाही, कारण त्याला प्रणालीची जाण असलेली माणसे लागतात. तेथे तक्रारीचे साधे बटणच बरे. फक्त गुण तक्रारींच्या संख्येला न देता योग्य तक्रारीला द्यावेत, आणि स्वतःची चूक तत्काळ कळवणाऱ्यालाही द्यावेत.