बुटावरची साय

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कपाटातून बूट काढले आणि पोटात गोळाच आला. दोन्हींवर पांढरी साय धरलेली. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायाच्या ‘ॲम्युनिशन बुटां’ची ही नव्याने बनवलेली हुबेहूब नक्कल. जाड कातडं, तळव्याला मोठ्या डोक्याचे लोखंडी खिळे, टाचेला नाल. घालून जिना उतरलो की शेजारच्यांना वाटावं, बैल उतरतोय.

बुरशी, दुसरं काय, असं म्हणून फडक्याने पुसले. चार दिवसांत साय परत हजर. मग हेअर ड्रायर लांब धरून कोमट वारा मारला. चवड्यावरचा पांढरेपणा बघता बघता वितळून कातड्यात जिरला. शिवणीतला आणि जिभेखालचा मात्र जागचा हलला नाही. वितळली ती चरबी, उरली ती बुरशी. एकाच बुटावर दोन्ही पाहुण्या!

दोष माझाच. हौसेच्या भरात डबिन थापलं होतं. डबिन म्हणजे चरबी, तेल आणि मेण यांचं मलम. खंदकातले शिपाई बुटांना हेच चोळत. कातड्यात न मावलेली चरबी हळूहळू वर येते आणि तिच्यातली घट्ट मेदाम्लं पृष्ठभागावर गोठतात. बुरशीला तर निमित्तच हवं असतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता 70 टक्क्यांवर टिकून राहिली की तिचं फावतं, आणि आपल्याकडे किनाऱ्यालगत पावसाळाभर तेच असतं.

मग तेल लावायचंच कशाला? कातडं म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. तीन साखळ्यांचा एक पीळ, असे असंख्य पीळ एकमेकांत गुंतलेले. कच्चं कातडं ओलं राहिलं तर सडतं आणि वाळलं तर पत्र्यासारखं कडक होतं, कारण पाणी उडालं की तंतू एकमेकांना चिकटतात. कमावताना झाडाच्या सालीतलं टॅनिन या तंतूंना धरून बसतं, मग जिवाणूंची डाळ शिजत नाही. तेल तंतूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांवरून सरकू देतं. त्याचं काम एवढंच. ते जास्त झालं की कातडं लिबलिबीत होतं आणि धूळ धरतं.

खरा घात करते उष्णता. ओलं कच्चं कातडं साधारण 60 ते 65 अंश सेल्सियसला आकसतं. सालीत कमावलेलं 70 ते 85 अंशांपर्यंत तग धरतं. त्यापुढे पीळ सुटतो आणि कोलॅजनचं जिलेटिन व्हायला लागतं. ते पुन्हा कातडं होत नाही. भिजलेला बूट शेगडीपाशी किंवा उन्हात बंद गाडीच्या काचेखाली ठेवणं म्हणजे तो शिजायला टाकणंच. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, ओले झाले की बदलावेत आणि पंख्याखाली दोन-तीन दिवस धीर धरावा.

टॅनिनची गोष्ट आपल्या दारापर्यंत येते. त्या युद्धात ब्रिटिश लष्करी बुटांच्या वरच्या भागासाठी हिंदुस्थानातून गेलेली, ‘ईस्ट इंडिया किप्स’ नावाने ओळखली जाणारी कातडी वापरली गेली. मद्रासकडे ती तरवडाच्या सालीत कमावून शेवटी हिरड्याचा हात देत. हिरडा तर आपल्या कोकणातूनही परदेशी जाई; व्यापारात त्याची एक प्रत वेंगुर्ल्याच्याच नावाने ओळखली जायची. कोल्हापुरी चपलेच्या कातड्यालाही बाभळीची साल आणि हिरडाच.

तळवा उलटा केला तर प्रत्येक खिळ्याभोवती काळं वर्तुळ दिसतं. ती घाण नव्हे. ओलाव्यात लोखंड झिजतं, त्याचे आयन टॅनिनला भेटतात आणि काळंकुट्ट संयुग तयार होतं. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, एकत्र करून काळा रंग करतात, त्यातही हेच घडतं. माझ्या बुटाखाली आपसूक शाई तयार होत होती म्हणायची.

बुरशी मी घराबाहेर नेऊन ब्रशने झाडली, मग फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन शिवणी पुसल्या. डबिन आता हंगामात एकदा, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. खिळ्यांच्या डोक्यांना मेण चोळतो. जुनी वर्तुळं घासून निघत नाहीत, म्हणून तो नाद सोडलाय. भिजलेले बूट तेवढे आडवे ठेवतो, म्हणजे तळव्यालाही वारा लागतो.