शाळेत काउन्सेलर नेमणं वेगळं आणि शाळेचं वातावरण बदलणं वेगळं

पालकसभेत मुलांच्या टेन्शनचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं काउन्सेलर नेमा, सगळे माना डोलावतात आणि पुढचा विषय फी नाहीतर गॅदरिंग. काउन्सेलर हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण कम्युनिटी सायकॉलॉजीवाले, म्हणजे एकेका माणसापेक्षा त्याच्या आजूबाजूचं वातावरण बदलायला बघणारे मानसशास्त्रज्ञ, शाळांमधे जे काम करतात ते म्हणजेच काउन्सेलिंग असं धरून चाललं जातं आणि त्यात मुलांचं नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गोंधळ होण्यासारखंच आहे म्हणा. दोन्ही कामं शाळेतच चालतात, दोन्हीकडे मुलांशी बोलणारी ट्रेनिंग घेतलेली माणसं असतात, आणि आपल्याकडचे या विषयातले दोन महत्त्वाचे अभ्यास तर एकाच संस्थेचे आहेत, मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या गोव्याच्या संगाथचे. ते दोन शेजारी ठेवले की फरक चटकन दिसतो.

पहिला दिल्लीतला, प्राइड नावाचा, 2020 मधे छापून आलेला. 6 सरकारी शाळांमधली साधारण 250 मुलंमुली, ज्यांना खरोखर त्रास होतोय अशीच निवडलेली. निम्म्यांना नुसत्या चित्रकथांच्या पुस्तिका दिल्या, निम्म्यांना पुस्तिका आणि सोबत काउन्सेलरबरोबर 4-5 छोट्या बैठका. बैठकीत काय, तर आधी प्रॉब्लेम नेमका काय ते मांडायचं, मग काय काय करता येईल ते बघायचं, मग त्यातलं एक करून बघायचं. 6 आठवड्यांनी तपासलं तेव्हा बैठका मिळालेल्या मुलांना त्यांचे प्रॉब्लेम जास्त हलके वाटत होते, पण मानसिक त्रासाच्या लक्षणांमधे दोन गटांत तसा स्पष्ट फरक नव्हता. म्हणजे इथे सगळं लक्ष एकेका मुलावर, निवड मुलाची, मोजमापही मुलाचं.

दुसरा बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला, सेहेर. 70 पेक्षा जास्त सरकारी हायस्कूल आणि त्यातले नववीचे विद्यार्थी, त्रास असलेले नसलेले सगळेच. काही शाळांत सेहेर मित्र म्हणून बाहेरचा एक ट्रेनिंग दिलेला माणूस नेमला, काही शाळांत तेच काम तिथल्याच एका शिक्षकाला दिलं, आणि बाकी शाळांत सरकारचा नेहमीचा जीवनकौशल्याचा कार्यक्रम तेवढा चालू राहिला. या मित्राचं काम ऐकण्यासारखं आहे. परिपाठाला बोलायचं, दर महिन्याला भित्तिपत्रक, मुलांचे गट, शिक्षकांची वर्कशॉप, आणि एक पेटी ज्यात मुलांनी मनातलं लिहून टाकायचं. एकेका मुलाचं काउन्सेलिंगही तो करायचा, पण तो त्याच्या कामाचा एक भाग झाला, म्हणून तर लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं.

निकाल 2018 मधे आले. मुख्य मोजमाप कशाचं होतं तर शाळेच्या वातावरणाचं, म्हणजे मुलांना ही शाळा आपली वाटते का, शिक्षक आणि मित्र आधार देतात का. बाहेरचा मित्र होता त्या शाळांत ते स्पष्ट सुधारलं, त्यासोबत दादागिरी, मारहाण आणि डिप्रेशनची लक्षणंही कमी झाली. काम सुरू झाल्यापासून 17 महिन्यांनी परत बघितलं तर फरक आणखी वाढलेला. आणि जिथे शिक्षकावर सोपवलं होतं तिथे? काहीच फरक नाही, कार्यक्रम तोच असून. मला यात शिक्षकांचा दोष अजिबात वाटत नाही, आधीच शिकवणं, पेपर, इलेक्शन ड्युटी, आणि जो मार्क देतो त्याच्यापुढे पोरगं मन कसं मोकळं करणार. पण शाळेतल्याच एखाद्या सरांना 'मानसिक आरोग्याचं तुम्ही बघा' म्हणणाऱ्यांनी हा निकाल नीट वाचायला पाहिजे.

तुमच्या लक्षात येईल की या दुसऱ्या, म्हणजे वातावरण बदलायच्या प्रकारात काउन्सेलर असावाच असंही काही नाही. अमेरिकेत रॉबर्ट फेल्नर आणि सहकाऱ्यांनी 1982 मधे एक प्रयोग मांडला होता, हायस्कूलला नव्याने आलेल्या मुलांची तुकडी दिवसभर बऱ्यापैकी एकत्रच ठेवायची, वर्ग जवळजवळ, आणि वर्गशिक्षकालाच विचारपूस करायचं काम, बस. कुणावर उपचार नाहीत, नुसतं वेळापत्रक आणि वर्गांची मांडणी बदलली, तरी पुढे शाळा सोडणाऱ्यांचं प्रमाण बाकी मुलांच्या मानाने बरंच कमी राहिलं. (शिक्षकावर सोपवलेलं काम नालंदात चाललं नाही आणि इथे चाललं, कारण इथे शिक्षकाभोवतीची व्यवस्थाच बदलली होती असं मला वाटतं.) कम्युनिटी सायकॉलॉजी हा विषयच 1965 मधे बॉस्टनजवळ स्वॅम्पस्कॉटला भरलेल्या परिषदेतून उभा राहिला, आणि नुसतं माणसाला बरं करत बसण्यापेक्षा तो जिथे राहतो शिकतो तिथे काय बदलायचं हे बघा, ही त्यांची तेव्हापासूनची भूमिका.

साधं उदाहरण घ्या. नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीनंतर रोज पोट दुखतं म्हणते. काउन्सेलर तिच्याशी बोलेल, तिला कसली भीती वाटते ते विचारेल, धीर देईल आणि ते मोलाचंच आहे. आता पेटीत पाच मुलींच्या चिठ्ठ्या निघाल्या की बाथरूमला कडी नाही आणि बाहेर दहावीची पोरं उभी असतात, तर उपाय कडी लावणं आणि तिथे कुणीतरी उभं राहणं हा आहे, त्या मुलीला श्वासाचे व्यायाम शिकवणं नाही. उलटही होतं. घरी वडील दारू पिऊन मारतात त्या मुलाला भित्तिपत्रकाने काय होणार, त्याला बंद दाराआड ऐकणारं माणूसच लागतं.

महाराष्ट्रात तक्रारपेटी शाळांना सक्तीची आहे, मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायचा आदेशही 2022 चा आहे, म्हणजे दुसऱ्या प्रकारचं सामान आपल्याकडे कागदावर आलेलं आहे. तेव्हा पुढच्या सभेत काउन्सेलर कधी येणार एवढंच विचारू नका. पेटी कोण उघडतं, किती दिवसांनी, आणि मागच्या महिन्यात निघालेल्या चिठ्ठ्यांचं काय केलं ते मुलांना कळवलं का, हेही विचारा.