पांढऱ्या कार्डाच्या पोटात काय?

घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये भाड्याने राहायला गेलं की किल्ल्यांच्या जुडग्यासोबत एक-दोन कोरी पांढरी कार्डंही हातात पडतात. लॉबीचं कोणतं, जिमचं कोणतं, आधीच्या भाडेकरूच्या ऐरोलीतल्या ऑफिसचं चुकून राहिलेलं कोणतं, ते घरमालकालाही ठाऊक नसतं. पण कार्ड कोणत्या फ्रिक्वेन्सीचं आहे, एवढं घरबसल्या कळू शकतं.

दाराच्या कार्डांत मुख्य जाती दोन: १२५ किलोहर्ट्झ आणि १३.५६ मेगाहर्ट्झ. बॅटरी दोन्हींत नसते. दाराजवळच्या कार्ड वाचणाऱ्या यंत्राभोवतीच्या, म्हणजे रीडरभोवतीच्या, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे कार्डातल्या तारेच्या वेटोळ्यांत वीज तयार होते, तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते.

पहिली चाचणी मोबाइलची. फोनमधलं एनएफसी, म्हणजे अगदी जवळचं कार्ड वायरविना वाचण्याची सोय, १३.५६ मेगाहर्ट्झवरच चालतं. ते सुरू करा, स्क्रीन अनलॉक ठेवा आणि कार्ड फोनच्या पाठीवर हळूहळू फिरवा, कारण अँटेना प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या जागी असतो. अँड्रॉइड फोन वाजला किंवा थरथरला तर प्रश्न मिटला. आयफोन मात्र अशा कार्डांना आपणहून सहसा दाद देत नाही, त्याला कार्ड वाचणारं अॅप लागतं. आणि फोन गप्प राहिला म्हणजे कार्ड १२५चंच, असंही नाही. ते बिघडलेलं असू शकतं, किंवा फास्टॅगच्या कुळातलं, म्हणजे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचं.

मला टॉर्चची चाचणी जास्त आवडते. अंधारात पातळ कार्डाखाली टॉर्च धरला की आतली तार सावलीसारखी दिसते. कडेकडेने फिरलेली चौकोनी, मोजता येतील इतकीच वेटोळी असतील तर बहुधा १३.५६. बारीक तारेचे शेकडो फेरे एकत्र आवळलेलं, बांगडीसारखं जाड कडं दिसलं तर १२५.

हा फरक का? वेटोळं आणि त्याला जोडलेला कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) मिळून एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीला जोरात साद देतात. फ्रिक्वेन्सी खाली आणायची तर वेटोळ्याचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) वाढवावं लागतं, म्हणजे फेरे वाढवावे लागतात. शिवाय क्षेत्र जितकं सावकाश बदलतं तितकी दर फेऱ्यामागे कमी वीज मिळते, तीही फेऱ्यांनीच भरून काढायची. १३.५६ मेगाहर्ट्झचं क्षेत्र शंभरपटीहून वेगाने बदलतं, त्याला मोजके फेरे पुरतात.

जाड कार्डातून टॉर्चचा उजेड आरपार जात नाही. तिथे छापलेला नंबर पाहा. समजा दहा अंकी आकडा ०००१२३४५६७ आहे आणि शेजारी ०१८,५४९१९. १८ ला ६५,५३६ ने गुणून ५४,९१९ मिळवा, उत्तर १२,३४,५६७ येतं. एकच नंबर दोन तऱ्हांनी लिहिलाय! ही जोडी १२५च्या स्वस्त कार्डांवर फार आढळते, पण तो पुरावा नव्हे, अंदाज.

फ्रिक्वेन्सी कळली म्हणजे चिप कळली असं नाही. १३.५६मध्येच मायफेअर क्लासिक नावाची चिप येते, जिचं कूटलेखन (एन्क्रिप्शन) २००८ साली संशोधकांनी फोडलं, आणि तिच्याहून कितीतरी भक्कम डेसफायर चिपही येते. १२५च्या साध्या कार्डात तर कूटलेखनच नसतं. जो रीडर जवळ येईल त्याला ते नंबर सांगून टाकतं.

टॉर्चच्या उजेडात दोन्ही प्रकारची वेटोळी एकाच कार्डात दिसली तर गोंधळू नका. जुने रीडर टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या ऑफिसांसाठी अशी दुहेरी कार्डं मुद्दाम बनवतात.