जुना एसएमपीएस आणि नवे ग्राफिक्स कार्ड : बारा व्होल्टच्या वायरीमागचा इतिहास

सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत संगणकाच्या कोणत्याही दुकानात थोडा वेळ उभे राहिले, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "घरचा एसएमपीएस साडेचारशे वॅटचा आहे, त्यावर हे कार्ड चालेल का?" विचारणारा कधी वास्तुरचनेचा विद्यार्थी असतो, कधी लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग करणारा छायाचित्रकार असतो. संगणक दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला असतो आणि एसएमपीएस, म्हणजे घरातील वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणारा डबा, बहुधा कॅबिनेटबरोबरच आलेला असतो. प्रश्न सरळ असला तरी वॅटच्या एका आकड्यावरून त्याचे उत्तर देता येत नाही. त्या आकड्याचा अर्थ गेल्या चार दशकांत कसा बदलत गेला, हे पाहिले तरच उत्तर हाती लागते.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॅटचा होता. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये तो १९२ वॅटपर्यंत गेला. त्या काळातील जवळजवळ सगळ्या चिप ५ व्होल्टवर चालत आणि १२ व्होल्टची वायर मुख्यतः डिस्क फिरवणाऱ्या मोटरसाठी असे. साहजिकच एसएमपीएसची बरीचशी ताकद ५ व्होल्टच्या लाल वायरीकडे असे, १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीचे काम दुय्यम होते. मदरबोर्डवर दोन स्वतंत्र कनेक्टर शेजारी शेजारी लावावे लागत आणि दोन्हींच्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना लागून याव्यात, हा नियम त्या पिढीच्या तंत्रज्ञांना तोंडपाठ होता. अदलाबदल झाली तर बोर्ड जळत असे. १९९५ मध्ये इंटेलने मदरबोर्ड व एसएमपीएससाठी एटीएक्स हा प्रमाण आराखडा मांडला आणि त्यातील २० पिनांच्या एकाच कनेक्टरमुळे ही भीती संपली. त्याच कनेक्टरमधून ३.३ व्होल्टचा पुरवठाही मिळू लागला. तरीही मोठा भार कमी व्होल्टच्या वायरींवरच राहिला.

हे चित्र पालटले ते प्रोसेसरमुळे. प्रोसेसरची भूक ५०-६० वॅटच्या पुढे गेली तेव्हा ती ५ व्होल्टवर भागवणे अवघड होऊ लागले. ६० वॅटसाठी १२ व्होल्टवर ५ अँपिअर पुरतात, ५ व्होल्टवर मात्र १२ अँपिअर लागतात, आणि वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच वायरीत ती पावणेसहा पट होते. म्हणून २००० साली पेंटियम ४ बरोबर १२ व्होल्टचा चार पिनांचा वेगळा कनेक्टर आला आणि प्रोसेसरजवळ व्होल्टेज उतरवण्याची पद्धत रूढ झाली. २००३ च्या एटीएक्स१२व्ही २.० या आवृत्तीने मुख्य कनेक्टर २४ पिनांचा केला आणि एसएमपीएसची ताकद अधिकृतपणे १२ व्होल्टकडे वळवली. माझ्या मते या इतिहासातील खरा सांधा हाच आहे. अडचण अशी की, त्यानंतरही कितीतरी वर्षे स्वस्त एसएमपीएस जुन्याच वाटणीने बनत आणि विकले जात राहिले.

उदाहरणादाखल एक लेबल घेऊ : ५ व्होल्टवर ३० अँपिअर, ३.३ व्होल्टवर २८, १२ व्होल्टवर १५. गुणाकार करून बेरीज केली तर सव्वाचारशे वॅटच्या आसपास आकडा येतो आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत '४५०' छापता येते. परंतु १२ व्होल्टवर मिळतात फक्त १८० वॅट. आजचे १५० वॅटचे कार्ड आणि ६५ वॅटचा प्रोसेसर ही दोघे मिळूनच ती मर्यादा ओलांडतात, मग उरलेले अडीचशे वॅट लेबलवर असून कामाचे नाहीत. दुकानात जाण्यापूर्वी कॅबिनेटचे झाकण उघडून १२ व्होल्टच्या रकान्याचा फोटो काढून घ्यावा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

ग्राफिक्स कार्डाची कहाणी याच काळात समांतर चालली होती. एजीपी या मदरबोर्डवरील कार्ड बसवण्याच्या जुन्या स्लॉटमधून मिळणारी वीज कमी पडू लागली, तेव्हा २००० च्या व्हूडू ५ ५५०० या कार्डावर हार्ड डिस्कला लागतो तोच चार पिनांचा मोलेक्स कनेक्टर बसवला गेला. २००२ च्या रेडिऑन ९७०० प्रोला तर फ्लॉपी ड्राइव्हचा छोटा कनेक्टर जोडावा लागे. उसनवारीची ही व्यवस्था पीसीआय एक्स्प्रेस या नव्या स्लॉटने मोडीत काढली. या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते आणि त्यापलीकडे गरज असेल तर सहा पिनांचा कनेक्टर आणखी ७५ वॅट देतो. २००७ च्या सुमारास आलेला आठ पिनांचा कनेक्टर १५० वॅट देतो. गंमत अशी की, त्यातही १२ व्होल्टच्या पिना तीनच आहेत. वाढलेल्या दोन पिनांपैकी एक जमिनीची, म्हणजे ग्राउंडची आहे आणि दुसरी सेन्स पिन आहे; आठ पिनांची वायर जोडली गेल्याचे कार्डाला कळावे यासाठी सेन्स पिनांची संख्या एकवरून दोन झाली. प्रोसेसरच्या आठ पिनांच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांची मांडणी याच्या उलट असते. खाचा वेगळ्या ठेवल्या आहेत त्या याचसाठी, त्यामुळे जोर लावून एक दुसऱ्याच्या जागी बसवू नये.

जुन्या एसएमपीएसला हे कनेक्टर नसतात आणि तिथे बाजारात मिळणारा कन्व्हर्टर पुढे येतो. मोलेक्सच्या दोन वायरींपासून सहा पिना करणारा कन्व्हर्टर निदान समजण्यासारखा आहे. डिस्कला वीज देणाऱ्या साटा वायरीपासून केलेला मात्र धोक्याचा आहे, कारण साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण ५४ वॅटच्या असतात आणि त्यांच्याकडून ७५ किंवा १५० वॅटची अपेक्षा केली जाते. प्लास्टिक वितळण्याचे प्रकार बहुतेक वेळा इथेच घडतात. कन्व्हर्टर सेन्स पिन जोडून कार्डाची खात्री पटवतो, पण त्यामुळे मागच्या एसएमपीएसची क्षमता वाढत नाही. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता-लावता येणाऱ्या एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावण्याची चूकही महागात पडते, कारण कार्डाकडचे टोक प्रमाणित असले तरी एसएमपीएसकडच्या टोकाला कोणतेही प्रमाण ठरलेले नाही.

२०२२ मध्ये एटीएक्स ३.० आले आणि त्याबरोबर १२ मुख्य व ४ सेन्स पिनांचा, ६०० वॅटपर्यंतचा नवा कनेक्टर आला. आठ पिनांच्या कनेक्टरमध्ये प्रत्येक पिनेतून सुमारे ४.२ अँपिअर जात, इथे त्याहून लहान पिनेतून ८.३ जातात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या ४५० वॅटच्या आरटीएक्स ४०९० कार्डांचे काही कनेक्टर वितळले आणि ते पूर्ण आत न बसणे हे मुख्य कारण असल्याचे एनव्हिडियाने सांगितले. पुढच्या वर्षी सेन्स पिना आखूड करून सुधारित कनेक्टर आणला गेला, जेणेकरून अर्धवट बसलेल्या स्थितीत कार्ड पूर्ण वीज ओढणार नाही. एटीएक्स ३.० मधील दुसरी तरतूद जुन्या एसएमपीएसच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे : ४५० वॅटपेक्षा मोठ्या एसएमपीएसने नमूद क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे. नवी कार्डे क्षणभर किती उसळी घेतात, याची ही कबुली आहे. सरासरी भार मर्यादेत असूनही जुना संगणक गेम किंवा रेंडर सुरू होताच अचानक बंद पडतो, त्यामागे अनेकदा हीच उसळी असते.

त्यात वयाची भर पडते. एसएमपीएसमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये खोलीचेच तापमान ३५ च्या पुढे असते, मग धूळ साचलेल्या कॅबिनेटच्या आत काय होत असेल याचा अंदाज करता येतो. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएसही सहसा ३६० वॅटच्या आसपासच भार घेतो. चांगला नवा एसएमपीएस बसवल्यावरही वीज जाताच संगणक बंद पडला, तर दोष आधी तिथे शोधावा.

ज्यांना एसएमपीएस बदलायचाच नाही, त्यांच्यासाठी केवळ स्लॉटवर चालणारी कार्डे हा मार्ग उरतो. २०१४ ची ६० वॅटची जीटीएक्स ७५० टीआय आणि २०२४ मध्ये आलेली ७० वॅटची आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती ही त्यांतली परिचित नावे आहेत. वरच्या उदाहरणातील १८० वॅटमध्ये ६५ वॅटचा प्रोसेसर आणि असे ७० वॅटचे कार्ड बसते आणि डिस्क व पंख्यांसाठी ४५ वॅट शिल्लक राहतात.