उपाशीपोटी रक्ततपासणीपूर्वी मध किंवा फळांचा रस का चालत नाही?

उपाशीपोटी साखर तपासण्यासाठी येणारे अनेक ग्राहक चहा आणि नाश्ता कटाक्षाने टाळतात, परंतु मधाचे पाणी किंवा फळांचा रस घेऊन येतात आणि "त्यातली साखर फ्रुक्टोज आहे, तुम्ही तर ग्लुकोज मोजता" असे सांगतात. आमची चाचणी केवळ ग्लुकोजच मोजते, हे खरे आहे. तरीही असा नमुना आम्ही घेत नाही.

मुळात मधात किंवा रसात निव्वळ फ्रुक्टोज नसतेच. मधात साधारण ३८ टक्के फ्रुक्टोज असते, तसेच सुमारे ३१ टक्के ग्लुकोजही असते, आणि तेवढे ग्लुकोज उपाशीपोटीचा आकडा बिघडवण्यास पुरेसे ठरते.

उरलेले फ्रुक्टोजही निरुपद्रवी नाही. ग्लुकोज रक्तात उतरले की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि मेंदू, स्नायू, चरबीच्या पेशी असे जवळजवळ सगळे शरीर ते वापरते. फ्रुक्टोजमुळे इन्सुलिन फारसे वाढत नाही. त्याचा बहुतेक निचरा लहान आतडे आणि यकृत येथेच होतो. पेशीकडे पुरेशी ऊर्जा असताना ग्लुकोजच्या विघटनाला ज्या टप्प्यावर लगाम बसतो, तो टप्पा फ्रुक्टोज टाळून पुढे जाते. त्यामुळे ते एकदम भरपूर आले, तर यकृत त्यातील काही भागाचे ग्लुकोज आणि ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा), काही भागाचे लॅक्टेट (साखरेच्या विघटनातून बनणारा पदार्थ) आणि थोड्या भागाचे मेदही बनवते. या प्रक्रियेच्या आरंभी एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) झपाट्याने खर्च होऊन त्याचे विघटन होत असल्याने युरिक ॲसिडही वाढते. म्हणजे साखरेसोबत ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) आणि युरिक ॲसिड यांचे अहवालही संशयास्पद होतात. (हा आक्षेप तपासणीपूर्वीच्या रसाला आहे, एरवी जेवणात अख्खे फळ अवश्य खावे.)

ग्लुकोज सहनशीलता चाचणीत (ग्लुकोजचे द्रावण पाजून नंतर रक्तातील साखर मोजतात ती) द्रावणाऐवजी रस का चालत नाही, याचे उत्तरही यातच आहे: प्रौढांसाठीचे निकष ७५ ग्रॅम ग्लुकोजवर बेतलेले आहेत.

ग्राहकाला परत पाठवणे आम्हालाही आवडत नाही, परंतु चुकीच्या आकड्यावर औषध ठरण्यापेक्षा एक दिवसाचा उशीर परवडतो. साखरेसाठी किमान ८ तास आणि ट्रायग्लिसराइडसाठी १० ते १२ तास उपाशी राहावे. साधे पाणी चालते. मधुमेहाची औषधे सुरू असल्यास त्यांबाबत आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. चुकून काही घेतले असल्यास सुई टोचण्यापूर्वीच सांगावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली वेळ आम्ही आपल्यासाठी राखून ठेवू. डॉक्टरांनी सुचवले असल्यास ट्रायग्लिसराइड आणि युरिक ॲसिड यांसाठीचे रक्तही त्याच भेटीत घेतले जाते.