हिंगोलीच्या धक्क्यात किल्लारी का आठवते?

10 जुलै 2024 रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. नांदेड-परभणीतही हादरे जाणवले. असा धक्का बसला की बातमीत 1993 च्या भूकंपातली किल्लारी येतेच. बातमीदाराला सनसनाटी हवी असते, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. कारण मेंदूत आहे, आणि तो मेंदू तुमच्या-माझ्यासारखाच आहे.

एखादी गोष्ट किती वेळा घडते, हे मेंदू बहुधा मोजत बसत नाही. ती किती चटकन आठवते, यावरून अंदाज बांधतो. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये लोकांना विचारलं, इंग्रजीत ‘के’ने सुरू होणारे शब्द जास्त, की ‘के’ तिसऱ्या जागी असलेले? बहुतेकांनी पहिला पर्याय निवडला. प्रत्यक्षात तिसऱ्या जागचे जास्त भरतात. पहिल्या अक्षरावरून शब्द भराभर सुचतात, तिसऱ्यावरून सुचत नाहीत. सुचण्यातली ही सहजता म्हणजेच संख्या, असं मेंदू धरून चालतो.

आता हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतचा बातमीदार डोळ्यांपुढे आणा. डेस्कला दहा मिनिटांत चार ओळी हव्यात. तहसीलमध्ये अजून कुणी आलेलं नाही. ग्रुपवर तडे गेलेल्या भिंतींचे फोटो येताहेत. तडे आजचे की गेल्या पावसाळ्यातले, कळायला मार्ग नाही. अशा वेळी आधी आठवतं ते 30 सप्टेंबर 1993. विसर्जनाची रात्र, पहाटेचे 3.56, ढिगाऱ्याखाली हजारो माणसं.

किल्लारीची तीव्रता 6.2 होती. कागदावर 4.5 आणि 6.2 शेजारी वाटतात. पण हे माप लॉगरिथमचं आहे. एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते. इथे फरक 1.7 चा, त्याला 1.5 ने गुणलं की 2.55, आणि 10 चा 2.55 वा घात म्हणजे साधारण 350. साडेतीनशे हिंगोली मिळून एक किल्लारी.

‘भूगर्भातून गूढ आवाज’ हे हेडिंग तर कायमचं बंद व्हावं. उथळ धक्क्याच्या प्राथमिक लहरी जमिनीतून हवेत शिरतात, तोच गडगडाट. त्यात देवीचा कोप नाही. भूकंपाची वेळ आधी सांगण्याची पद्धत जगात कुणाकडेही नाही. म्हणून ‘आज रात्री मोठा धक्का’ असला मेसेज ‘चर्चा आहे’ म्हणूनही छापू नये.

उपाय साधा आहे. कॉपी पाठवण्याआधी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी उघडावी. तारीख, तीव्रता, खोली तिथे मिळते, आणि ज्यांत कुणाचं काही बिघडलं नाही म्हणून जे कुणालाच आठवत नाहीत, असे छोटे धक्केही. किल्लारी चौकटीत जरूर द्यावी, पण 350 पटींचा हिशोब देऊन. आणि तिथे माणसं कशाने गेली तेही लिहावं: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं. दुसऱ्या दिवशीची बातमी तिथूनच मिळते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेसारख्या गावात आज अशी किती घरं उरली आहेत, हे गल्लीगल्लीत फिरून मोजता येतं.