कॅलिफोर्नियात समुद्रावर मासे धरायला लायसन्स लागत नाही?

आई-बाबा भारतातून आले की त्यांना गळ देऊन समुद्रावर न्यायचे, हा बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या) मराठी घरांचा आवडता बेत. सोबत एक ऐकीव सल्लाही फिरतो: 'समुद्रावर लायसन्स लागत नाही, ते फक्त तळ्या-नद्यांसाठी.' हे चूक आहे.

सूट आहे ती सार्वजनिक पिअरला, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्यात गेलेल्या धक्क्याला. समुद्रात किंवा खाडीत बांधलेल्या अशा पिअरवरून कुणीही विनापरवाना गळ टाकू शकतो. बंदराचं समुद्राच्या बाजूने रक्षण करणाऱ्या काही बांधांनाही ही सवलत आहे, पण दिसेल तो दगडी बांध त्यात बसत नाही. पिअरच्या पायऱ्या उतरून वाळूवर उभे राहिलात की सवलत संपली. तिथे १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लायसन्स हवं, मग तो चार दिवसांचा पाहुणा का असेना. पाहुण्यांसाठी एक-दोन दिवसांचं लायसन्सही मिळतं. वर्षातून दोन दिवस सर्वांना मोकळीक असते, तेवढाच अपवाद.

या गैरसमजाची दुसरी बाजू मला जास्त खुपते. पिअरवर परवाना नको, म्हणजे नियमच नाहीत असं अनेकजण धरून चालतात. पण तिथे एका माणसाला एका वेळी दोनच साधनं वापरता येतात. खेकड्याचं जाळंही त्यात मोजलं जातं. कॅलिफोर्निया हॅलिबट हा चपटा मासा २२ इंचांहून लहान असेल तर परत पाण्यात सोडावाच लागतो. म्हणून गळाआधी पिशवीत मोजपट्टी टाका.